आतली हाक मागे काय ठेवून जाते

"मन सांगेल तसं कर" हा सल्ला मला आजवर खूप जणांनी दिला, आणि देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला कधी शंका आली नाही. अडचण एवढीच की माझं मन एका वेळी तीन गोष्टी सांगतं. छातीत धडधडायला लागलं की ते भीतीमुळे, एखाद्या गोष्टीच्या ओढीमुळे की खरोखर आतून काही उमगल्यामुळे, हे नुसत्या धडधडीवरून कळत नाही. तिन्ही एकाच जागी उमटतात. म्हणून 'हृदयाचं ऐक' असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, त्यातलं नेमकं कुठलं ऐकू?

मी नर्स आहे. नोकरीची बहुतेक वर्षं अतिदक्षता विभागात गेली. हृदय ही माझ्यासाठी रोज हाताळायची गोष्ट आहे, मनगटावर बोटं ठेवून मोजायची, मॉनिटरवर रात्रभर बघायची. ध्यानाला आणि नामस्मरणाला मी पुष्कळ उशिरा लागले. पण लागल्यावर या दोन गोष्टी माझ्या आत एकमेकींना भेटल्या, आणि त्यातून जे हाती आलं ते आज सविस्तर लिहायचं आहे.

आधी वॉर्डातलं सांगते, कारण अंतर्ज्ञान म्हणजे काय हे मी तिथेच पहिल्यांदा अनुभवलं.

रात्रपाळी होती. पोटाचं ऑपरेशन झालेले एक काका. बीपी चांगलं, ऑक्सिजन चांगला, पल्स थोडी वाढलेली, पण ऑपरेशननंतर तेवढी चालायचीच. मी सलाईन बघितली, नोंद केली आणि पुढच्या खाटेकडे निघाले. दोन पावलं गेले असेन नसेन, छातीच्या मधोमध काहीतरी आवळलं. बरगड्या समोर जिथे जुळतात, त्याच्या जरा वर. मी परत वळले.

"काका, बरं वाटतंय ना?"

"हो, बरंय की."

उत्तर बरोबर होतं, पण ते यायला क्षणभर उशीर लागला. त्यांची बोटं चादरीची कड चिमटीत धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. पांघरूण सारून पायाला हात लावला, तर अंगठा गार. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला.

"आकडे काय आहेत, सिस्टर?"

"आकडे ठीक आहेत, सर. पेशंट ठीक वाटत नाहीयेत. एकदा येऊन बघा."

ते आले. काकांना आतून रक्तस्राव होत होता. उजाडायच्या आत ते पुन्हा ऑपरेशन टेबलावर होते, आणि पुढे बरे होऊन चालत घरी गेले.

यात दैवी काही घडलं असं मी म्हणणार नाही. रक्त कमी व्हायला लागलं की शरीर हातापायांचा पुरवठा आवळून महत्त्वाच्या अवयवांचा सांभाळतं, त्यामुळे बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि बोटं मात्र गार पडतात, माणूस अस्वस्थ होतो. माझ्या डोळ्यांनी ती बोटांची चाळवाचाळव आधीच टिपली होती, डोक्यानं तिचा हिशेब मांडायच्या आधी. डोळ्यांना दिसलेलं पहिल्यांदा छातीनं सांगितलं, एवढंच. अनेक देशांतल्या रुग्णालयांत 'नर्सला काळजी वाटते' हे डॉक्टरांना बोलावण्याचं पुरेसं कारण धरतात, आकडे काही म्हणोत. त्यामागे हाच अनुभव आहे.

2009 साली डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मिळून एक लेख लिहिला. एक अंतःप्रेरणेकडे संशयानं बघणारा, दुसरा तिच्यावर भरवसा ठेवणारा. दोघांचं एकमत झालं ते असं: ज्या क्षेत्रात गोष्टी काही नियमानं घडतात, आणि माणसाला दीर्घ सराव मिळून आपलं बरोबर आलं की चुकलं हे वेळच्या वेळी कळत राहतं, तिथे आतल्या आवाजावर विसंबायला हरकत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली. माणसाला किती खात्री वाटते, हा तो बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

हे वाचलं तेव्हा मला माझी वॉर्डातली छाती समजली. पण घरातली समजेना. वॉर्डात मला रोज पेशंट बघायला मिळतात, रोज निकाल कळतो. आयुष्यातले मोठे प्रश्न एकदाच येतात. हे नातं ठेवायचं की नाही, ही नोकरी सोडायची की नाही, या माणसाला माफ करायचं की नाही. तिथे सराव कुठून होणार? तिथे जे आवळतं, ते कशाच्या जोरावर खरं मानायचं?

शरीराची बाजू थोडी सांगते, म्हणजे पुढचं हवेत राहणार नाही. मेंदू आणि छाती-पोटातल्या अवयवांना जोडणारी व्हेगस नावाची लांब नस आहे. तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू खालून वर निरोप नेणारे असतात. म्हणजे मेंदू शरीराला जेवढं सांगतो त्याहून कितीतरी अधिक या वाटेनं ऐकत असतो. हृदयाच्या भिंतीत स्वतःच्या चेतापेशींचं जाळंही आहे, त्या सुमारे 40,000 असाव्यात असा अंदाज आहे. यावरून 'हृदयाला स्वतंत्र बुद्धी आहे' असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते मला पटत नाही. प्रत्यारोपण केलेलं हृदय नव्या शरीरात आल्यावर मेंदूकडच्या नसा तुटलेल्या असतात, तरी ते आपल्या लयीत चालत राहतं, आणि ते ज्यांना मिळालं ती माणसं आपल्याच मुलांवर पहिल्यासारखंच प्रेम करतात. आपण ज्याला हृदय म्हणतो ते छातीतल्या स्नायूपेक्षा मोठं आहे. स्नायू त्याची जागा दाखवतो. छांदोग्य उपनिषदात हृदयातल्या आकाशाबद्दल म्हटलं आहे की बाहेरचं आकाश जेवढं, तेवढंच ते आतलं. मी नर्स असूनही, किंवा नर्स असल्यामुळेच असेल, त्यावर माझी मनापासून श्रद्धा आहे.

आता मूळ गुंता. 1974 मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो दरीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. उंच, डोलणाऱ्या पुलावरून जाणाऱ्या पुरुषांना एक तरुणी मधेच गाठून काही प्रश्न विचारायची आणि फोन नंबर द्यायची. दुसरीकडे एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही तसंच. झुलत्या पुलावरच्यांपैकी कितीतरी अधिक जणांनी तिला नंतर फोन केला. धडधड पुलामुळे झाली होती, तिचा अर्थ त्यांनी त्या तरुणीला जोडला. आपणही रोज हेच करतो. शरीर हाक देतं, आणि मन हाताशी असेल तो अर्थ तिला चिकटवून मोकळं होतं. झोप अपुरी झालेली असते आणि आपल्याला वाटतं की नातं संपलं आहे. कुणी कौतुक केलेलं असतं आणि वाटतं की हेच आपलं जीवितकार्य.

म्हणून साधना. ती हाक मोठ्यानं ऐकू यावी यासाठी मी बसत नाही. हाक आणि तिला चिकटवलेला अर्थ यांच्यात थोडी जागा राहावी, यासाठी बसते.

ड्युटीवरून आले की मी लगेच बसत नाही. हातपाय धुऊन, कपडे बदलून, अंग थोडं निवल्यावर बसते. खुर्चीत, दोन्ही तळवे जमिनीला टेकून. पाठीला आधार घेते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. उजवा हात छातीच्या मधोमध. मग फक्त उच्छ्वास लांबवायचा. श्वास घेताना जोर नको, तो आपसूक येतो. सोडताना ओठ किंचित विलग ठेवून, संपेपर्यंत सोडायचा.

याचं कारण मला मॉनिटरनं शिकवलं. तरुण पेशंट शांत झोपलेला असला की त्याच्या पडद्यावर हे डोळ्यांनी दिसतं. श्वास आत जाताना ठोके एकमेकांच्या जवळ येतात, बाहेर पडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. हृदय प्रत्येक उच्छ्वासाला थोडं विसावतं. मग उच्छ्वास लांबवला की विसावाही लांबतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की श्वासाची, ठोक्यांची आणि रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळते. 2001 मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्रही. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आले. हे वाचून मला भरून आलं होतं. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी देवाला हाक मारायची म्हणून जे शब्द जुळवले, त्यांनी त्यांच्या छातीला तीच लय दिली. माझ्याही नामाचं तसंच आहे. ते उच्छ्वासावर येतं, त्याच्याबरोबर संपतं, आणि पुढचा श्वास येईपर्यंत मधे एक रिकामी जागा राहते. मला काही उमगलं असेल तर ते बहुतेक वेळा त्या जागेत उमगलं आहे.

उच्छ्वास स्थिरावला की मी बोटांनी नाडी न धरता ठोका कुठे जाणवतो ते शोधते. सुरुवातीला काहीच सापडत नसे. मग गळ्याच्या खळगीत सापडायला लागला, कधी ओठांत, कधी पोटात नाभीच्या वर. डाव्या छातीत, जिथे तो असायला हवा असं वाटतं, तिथे क्वचितच. यावरही लोकांनी अभ्यास केला आहे. 2008 मध्ये साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांची परीक्षा घेतली, त्यांना स्वतःचे ठोके इतरांपेक्षा अचूक कळतात का म्हणून. कळत नव्हते. ध्यान न करणाऱ्यांइतकेच. काहींना हे वाचून निराशा वाटेल. मला हायसं वाटलं. ठोका अचूक मोजणं हा मुद्दाच नव्हता, मोजायला माझ्याकडे मशीन आहे. मुद्दा होता तो आत येऊन बसण्याचा आणि जे असेल त्याच्याबरोबर थांबण्याचा.

आणि थांबणं म्हणजे नुसतं बघणं. छातीत काय आहे? आवळलंय, जळजळतंय, ओझं आहे, पोकळी आहे, मोकळं आहे? एखादा साधा शब्द मनात उच्चारायचा आणि पुढचं काही करायचं नाही. 'हे का होतंय' हा प्रश्न आला तर येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. विपश्यनेत संवेदना जशी आहे तशी पाहायला शिकवतात, तिला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. हे वाक्य वाचायला सोपं आहे. आवळलेल्या छातीसमोर पाच मिनिटं बसून बघितलं की ते किती कठीण आहे ते कळतं.

इथे नर्स म्हणून दोन गोष्टी बजावून सांगते. छातीत दुखत असेल, दाब येत असेल, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरत असेल, घाम फुटत असेल, तर तो साधनेचा विषय नाही. ताबडतोब दवाखाना गाठायचा. स्त्रियांमध्ये कधी कधी नुसता दम लागतो, मळमळतं, विलक्षण थकवा येतो, तेही अंगावर काढायचं नाही. दुसरं असं की ज्यांना पॅनिकचे झटके येतात किंवा ज्यांच्या शरीरानं फार काही सोसलं आहे, त्यांनी ठोक्यावर लक्ष नेलं तर घाबरणं वाढू शकतं. त्यांनी तळपायांवर लक्ष ठेवावं, किंवा बाहेरच्या आवाजांवर. आणि जाणत्या डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा हात धरावा. आत जायच्या वाटा अनेक आहेत.

आता मागे काय उरतं त्याबद्दल.

1521 साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस ऑफ लोयोला या सरदाराचा, जो पुढे ख्रिस्ती संत झाला, पाय तोफगोळ्यानं फुटला. कित्येक महिने तो पडून होता. वाचायला शौर्यकथा मागितल्या, पण घरात होती ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तकं. पडल्या पडल्या तो दिवसाढवळ्या स्वप्नं रंगवायचा. कधी एका थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची, कधी संतांसारखं सगळं सोडून निघण्याची. रंगवताना दोन्हींत सारखाच आनंद. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की पहिल्या स्वप्नातून बाहेर आल्यावर मन कोरडं, असमाधानी असतं, आणि दुसऱ्यातून बाहेर आल्यावर समाधान टिकतं. पुढचं त्याचं सगळं आयुष्य, आणि निर्णयाला आतून पारखण्याची त्यानं घालून दिलेली शिस्त, या एका निरीक्षणातून उभी राहिली.

मी ख्रिस्ती नाही, आणि संतपदाचीही माझी वाट नाही. पण वाटेत काय वाटलं यापेक्षा नंतर काय उरलं ते पाहा, हे मला माझ्या आयुष्यात जितकं उपयोगी पडलं तितकं दुसरं काही नाही. कठोपनिषदातला श्रेयस आणि प्रेयस, म्हणजे हिताचं आणि नुसतं आवडणारं, यांचा भेद लहानपणी पाठ केला होता. तो अंगात उतरला तो या मार्गानं.

माझ्या दादाचं सांगते.

बाबांच्या शेवटच्या आजारात आमचं बिनसलं. त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, यावर. कोण काय म्हणालं ते इथे लिहीत नाही, दोघंही बाबांवरच्या प्रेमानंच बोललो. पण त्यानंतर बोलणं थांबलं ते थांबलंच. मैत्रीभावनेचं ध्यान करताना आधी स्वतःसाठी, मग जवळच्या माणसासाठी, मग ना जवळच्या ना लांबच्या माणसासाठी, आणि शेवटी ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी भलं चिंतायचं असतं. त्या शेवटच्या जागी दादा यायचा. मी बोलवत नसतानाही यायचा. तो आला की छाती घट्ट व्हायची, आणि मी ध्यान संपवून उठायची.

मग ठरवलं की 'फोन करू की नको' हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याऐवजी फोन करायचा नाही असं ठरलंय, असं धरून जगायचं. सकाळी उठल्यावर मनाशी म्हणायचं, दादाला मी फोन करणार नाही, हे झालं. पहिल्या दिवशी फार बरं वाटलं. खांदे सैल झाले. ड्युटी हलकी गेली. पण संध्याकाळी त्या बरं वाटण्यात काही शिल्लक नव्हतं. पुढच्या दिवशी सकाळी तेच वाक्य म्हणताना मला ते जरा मोठ्यानं म्हणावं लागत होतं. आणि त्याच्या मागोमाग कारणं यायला लागली होती, त्यानं तेव्हा असं म्हटलं, तसं म्हटलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. निर्णयाला सारखी कारणं पुरवावी लागत असतील, तर तो बहुधा भीतीनं घेतलेला असतो.

नंतर उलट धरून जगले. फोन करायचा आहे, ठरलंय. दिवसभर पोटात गोळा. हात थंड. रात्री झोप उशिरा. वॉर्डात हेच झालं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरी गडबड आहे. पण रोज खुर्चीत बसून त्या गोळ्याबरोबर थांबले, तेव्हा लक्षात आलं की त्याच्या खाली दुसरं काहीतरी आहे, आणि ते घट्ट नाही. गोळा कमी-जास्त व्हायचा. खालचं ते तसंच राहायचं. दुसऱ्या दिवशी तसंच, आठवड्यानंतरही तसंच. ते मला घाई करत नव्हतं. दादा काय म्हणेल याची त्याला फिकीर नव्हती. पटवून देण्याचा त्याचा प्रयत्नही नव्हता.

फोन केला.

"दादा, मी बोलतेय."

"हं. बोल."

"काही काम नाहीये. सहज केला."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानं त्याच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. मी कुठल्या गोळ्या घेतोस विचारलं, व्यायाम सांगितले. बाबांचा विषय निघाला नाही. ठेवताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी दुपारी करत जा. रात्री मी लवकर झोपतो."

त्यानं तो फोन उचललाच नसता, किंवा उचलून चार शब्द सुनावले असते, तरी माझा निर्णय चुकला असं मी म्हटलं नसतं. निकाल चांगला लागला म्हणून आतली हाक खरी, हा हिशेब मला मान्य नाही. तसा हिशेब केला तर आपण हृदयाला भविष्य सांगायच्या कामाला लावतो. उद्या काय होणार हे त्याला ठाऊक नसतं. आज मी कुठे उभी आहे एवढं त्याला नीट ठाऊक असतं.

महात्मा गांधींनी 1933 च्या मे महिन्यात 21 दिवसांचा उपवास केला. आपल्याला आतून आवाज ऐकू आला, असं त्यांनी त्याबद्दल लिहिलं. आधी मनात मोठी झुंज चालली होती, आवाज आला, तो तोच आहे याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि मग झुंज थांबली, मन शांत झालं. त्याबरोबर ते हेही सांगत की असा दावा करणाऱ्याची आधी दीर्घ तयारी हवी, सत्याची, संयमाची शिस्त हवी. लोक पहिला भाग उचलतात, दुसरा सोडतात. 'मला आतून वाटलं' म्हणून कुणी दुसऱ्याला दुखावतो, घरच्यांवर हुकूम चालवतो, आणि त्याला हृदयाचा आवाज म्हणतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. जी हाक दुसऱ्याला लहान करायला सांगते, ती माझ्या लेखी हृदयातून आलेली नसते, मग ती कितीही स्पष्ट ऐकू येवो.

एकट्यानं ऐकण्याला मर्यादा आहेत, हे तर आहेच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांमध्ये एक सुंदर रीत आहे. कुणाला मोठा निर्णय घ्यायचा असेल तर मोजकी माणसं त्याच्याबरोबर शांत बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्नही विचारायचा नाही. मी हे माझ्या एका सहकारी मैत्रिणीबरोबर करते. तिला श्लोक-मंत्र यांत रस नाही, ध्यानाला ती बसत नाही, पण गप्प राहण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

मला मेट्रनचं, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखाचं, पद देऊ केलं होतं तेव्हाची गोष्ट. पगार वाढणार होता, रात्रपाळ्या सुटणार होत्या. विचार केला की छाती भरून यायची, आणि मला वाटत होतं की हाच तो होकार. ड्युटी संपल्यावर आम्ही दोघी बसलो. तिनं दोन-तीन साधे प्रश्न विचारले. मग बराच वेळ गेला, आणि ती म्हणाली, "समज, तुला ते पद मिळालंय हे कुणालाच कधी कळणार नाही. आई नाही, आम्ही नाही, कुणीच नाही. तरी हवंय?"

मी उत्तर दिलं नाही. गरज पडली नाही. भरून आलेली छाती तिथल्या तिथे खाली बसली, आणि ते आम्हा दोघींनाही दिसलं. कामात मला खरंच काय हवं होतं, तर खाटेजवळ उभं राहणं. मी नकार कळवला. त्या रात्री थोडं वाईटही वाटलं, वाढीव पगार काही क्षुल्लक नव्हता. पण सकाळी उठल्यावर कारणं शोधावी लागली नाहीत.

काही वेळा मी हृदयाला काही विचारतच नाही, हेही नमूद करते. लागोपाठ रात्रपाळ्या झालेल्या असताना नाही. भूक लागलेली असताना नाही. कुणावर रागावलेली असताना नाही, आणि कुणी फार स्तुती केलेली असतानाही नाही. आई गेल्यानंतरचे काही महिने मी एकही मोठा निर्णय घेतला नाही. दुःखात छाती इतकी मोठ्यानं बोलते की तिच्या आवाजाखाली बाकी सगळं बुडून जातं. तेव्हा फक्त नाम घ्यायचं, जेवायचं, झोपायचं, आणि कुणी हात पुढे केला तर तो धरायचा. खोल नैराश्यात तर सगळं संपलं आहे हेच सत्य वाटतं, आणि ते अगदी शांत आवाजात वाटतं. तिथे शांतपणा ही खूण धरू नका. तिथे डॉक्टरांकडे जा, औषध घ्या, जवळच्यांना सांगा. आतली हाक नंतर ऐकता येईल.

एक वही ठेवली आहे. तिच्यात विचार लिहीत नाही. तारीख, काय धरून जगतेय, सकाळी छातीत काय, संध्याकाळी काय, एवढंच. 'घट्ट', 'कोरडं', 'मोकळं पण भीती', असे तुटक शब्द. वॉर्डात आम्ही दर तासाला नोंद करतो, कारण एका आकड्यावरून काही कळत नाही, आकड्यांची वाटचाल सांगते. घरच्या प्रश्नांना सराव कुठून आणायचा, असं मी वर विचारलं, त्याचं मला सापडलेलं उत्तर ही वही आहे. मागची पानं चाळली की माझी भीती कुठल्या शब्दांत बोलते, मान मिळाला की छाती कशी फुगते, आणि ज्या गोष्टी पुढेही टिकल्या त्या पहिल्या दिवशी कशा दिसत होत्या, हे दिसतं. माझी भीती बहुतेक वेळा 'आत्ताच्या आत्ता' म्हणते. माझी ओढ 'फक्त एवढंच' म्हणते. तिसरी जी आहे, ती दोन्हीही म्हणत नाही. तुमच्या वहीत वेगळे शब्द निघतील.

सध्या तिच्यात स्वेच्छानिवृत्तीचा प्रश्न चालू आहे. अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. पहिला आठवडा 'अर्ज दिला' असं धरून काढला. रोज सकाळी 'मोकळं', रोज संध्याकाळी 'मोकळं', फक्त एका संध्याकाळी 'कोरडं', आणि त्या दिवशी एक पेशंट दगावला होता, त्यामुळे ती नोंद मी हिशेबात धरणार नाही. कालपासून 'अर्ज दिला नाही' हे सुरू केलं आहे. मैत्रिणीला बुधवारी वेळ आहे. तिला सांगून ठेवलंय की या वेळी प्रश्न सोपे नकोत.